हंगाम सरल्यानंतरचे बेट : पापादियामांतिसच्या कथांतील स्कियाथोस

प्रवासवर्णन हा साहित्यप्रकार ऋतूंच्या बाबतीत मोठा निवडक आहे. ग्रीस देशाच्या बेटांविषयी आजवर जे विपुल लेखन झाले, त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच घडते. निळा समुद्र, चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंती, द्राक्षवेलीच्या मांडवाखालचे जेवण, हे सारे उन्हाळ्याचे आहे. उरलेल्या महिन्यांना पर्यटन व्यवसायाने ‘ऑफ सीझन’ असे नाव देऊन टाकले आहे. अलीकडे या ऑफ सीझनचेही चाहते निर्माण झाले आहेत. गर्दी नसते, खोल्यांचे भाव उतरलेले असतात, किनाऱ्यावर आपल्यावाचून दुसरे पाऊल उमटलेले नसते, म्हणून मुद्दाम नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीत बेट गाठणारे प्रवासी आता आढळतात आणि त्या एकांताचे गोडवे गाणारे लेखही वाचावयास मिळतात. उन्हाळी लेखनापेक्षा हे लेखन अधिक अभिरुचिसंपन्न असते, यात शंका नाही. परंतु त्यातही बेट हे पाहुण्याच्या सोयीसाठीच मांडलेले असते. उन्हाळ्यात त्याला बेटाकडून मौज हवी असते, हिवाळ्यात शांतता हवी असते. ज्या माणसाच्या दारावरून तो जातो, त्या माणसाचे वर्ष कसे चालते, हा प्रश्न दोन्ही वेळा मागेच राहतो.

हा प्रश्न ज्याने आपल्या लेखनाच्या केंद्रस्थानी ठेवला, असा एक लेखक ग्रीक साहित्यात होऊन गेला. अलेक्झांद्रोस पापादियामांतिस हे त्याचे नाव. त्याने प्रवासवर्णन कधी लिहिले नाही. त्याने आपल्या जन्मबेटाच्या, स्कियाथोसच्या, कथा लिहिल्या आणि त्यांतील कितीतरी कथा नाताळ, नववर्ष आणि ईस्टर या सणांच्या निमित्ताने अथेन्सच्या वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाल्या. हिवाळ्यातील बेट म्हणजे काय, हे ज्याला जाणून घ्यावयाचे आहे, त्याने कोणतीही मार्गदर्शिका उघडण्यापूर्वी या कथा वाचाव्यात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते मत कितपत टिकते, हे या लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम बेटाची ओळख. स्कियाथोस हे एजियन समुद्राच्या वायव्य भागातील ‘उत्तर स्पोरादेस’ द्वीपसमूहातील एक लहान बेट होय. क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस किलोमीटर, लोकवस्ती सुमारे सहा हजार. मुख्य भूमीवरील व्होलोस बंदरातून तेथे बोटीने जाता येते, आणि १९७२ पासून विमानतळही आहे. पाइन वृक्षांच्या राईला लागून असलेली कुकुनारिएस ही वाळूची पुळण आणि उत्तरेकडील लालारिया हा गुळगुळीत पांढऱ्या गोट्यांचा किनारा ही त्याची आजची प्रसिद्धी. २००८ साली प्रदर्शित झालेल्या ‘मामा मिया’ या चित्रपटाचे काही चित्रीकरण येथे आणि शेजारच्या स्कोपेलोस बेटावर झाल्यापासून त्या प्रसिद्धीत भरच पडली. ऑक्टोबर संपता संपता परदेशी विमाने थांबतात, बरीचशी हॉटेले आणि खाणावळी दारे लावतात, हंगामी कामगार मुख्य भूमीकडे परततात. वारा फार चढला की बंदराचे अधिकारी बोटींना निघण्याची परवानगी देत नाहीत आणि मग वर्तमानपत्र, औषध, पाहुणा, सारे व्होलोसच्या धक्क्यावर अडकून पडते. प्रवाशाला ज्या शांततेचे अप्रूप वाटते, ती शांतता गावकऱ्याच्या लेखी पुष्कळदा बोट न आल्याची असते.

पापादियामांतिसचा जन्म याच बेटावर ४ मार्च १८५१ रोजी झाला. वडील अदामांतिओस हे धर्मगुरू होते. ऑर्थोडॉक्स परंपरेत विवाहित पुरुषाला गुरुदीक्षा मिळू शकते, हे येथे ध्यानात घ्यावे. ‘पापा अदामांतिओस’ या वडिलांच्या संबोधनातूनच मुलाचे आडनाव तयार झाले. १८७२ साली तो एका मित्रासह आथोस पर्वतावरील मठांत काही महिने राहून आला. मित्र पुढे संन्यासी झाला, हा मात्र परतला. अथेन्सच्या विद्यापीठात त्याने नाव घातले, पण पदवी घेतली नाही. इंग्रजी व फ्रेंच स्वतः शिकून वृत्तपत्रांसाठी भाषांतरे करणे हेच त्याच्या उपजीविकेचे साधन राहिले. दोस्तोयेव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’चे ग्रीक भाषांतर त्याने १८८९ साली एका दैनिकासाठी केले. अथेन्समधील संत एलिसेओस या लहानशा चॅपेलात रात्रीच्या जागरण-उपासनांत तो स्तोत्रगायन करीत असे. तेथे उपासना चालविणारे निकोलाओस प्लानास हे साधेभोळे धर्मगुरू पुढे १९९२ साली ऑर्थोडॉक्स चर्चने संत म्हणून घोषित केले. पापादियामांतिस अविवाहित राहिला, दारिद्र्यात राहिला, १९०८ साली बेटावर बहिणींकडे परतला, आणि जानेवारी १९११ च्या आरंभी, भर हिवाळ्यात, तेथेच वारला. ज्या घरात त्याने प्राण सोडला, ते बंदराजवळचे साधे घर आज संग्रहालय आहे.

या चरित्रातील एक गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आपल्या उत्कृष्ट कथांपैकी अनेक कथा त्याने बेटापासून दूर, राजधानीतील भाड्याच्या खोलीत बसून लिहिल्या. म्हणजे बेटावर ‘जाणे’ हा त्याच्यासाठीही प्रश्नच होता. १८९१ च्या ‘अमेरिकन’ या नाताळकथेत त्याने तो प्रश्न थेट हाताळला आहे. नाताळच्या आदल्या रात्री एक अनोळखी मनुष्य बेटावर उतरतो. अंगावर परदेशी कपडे, खिशात पैसा, आणि तोंडी मोडकीतोडकी ग्रीक भाषा. दुकानात बसलेले लोक त्याला न्याहाळतात. हा कोण, कुठला, एवढ्या थंडीत येथे कशाला आला, याचे तर्क चालतात. तो गल्ल्यांतून एकटाच हिंडतो, एका ओसाड घरासमोर थांबतो. हळूहळू वाचकाच्या ध्यानात येते की, हा परका नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी परदेशी गेलेला, पुढे पत्रही न पाठविलेला याच गावचा मुलगा आहे. आईबाप वारले, घर पडले. वाग्दत्त वधू मात्र वाट पाहत म्हातारपणाकडे झुकली आहे.

हंगामाबाहेर बेटावर येणाऱ्या पाहुण्याची याहून नेमकी कथा दुसरी सांगता येणार नाही. उन्हाळ्यात परका मनुष्य परक्यांच्या लोंढ्यात मिसळून जातो, त्याला कोणी काही विचारीत नाही. हिवाळ्यात मात्र प्रत्येक चेहऱ्याला उत्तर द्यावे लागते. पापादियामांतिसचे कौशल्य असे की, ओळख पटण्याचा क्षण तो लांबवीत नेतो आणि तोवर आपल्याला त्या मनुष्याच्याच डोळ्यांनी गाव दाखवितो. खिडक्यांतील दिवे, नाताळगीते गात दारोदार फिरणारी मुले, आतल्या ऊबेचा अंदाज. या दिव्यांचे सौंदर्य बाहेर उभ्या असलेल्यालाच दिसते. परंतु त्या सौंदर्याने त्याची थंडी कमी होत नाही. कथेचा शेवट सुखाचा आहे. तथापि आईबापांना भेटण्याची वेळ टळून गेली, ही खंत लेखक पुसून टाकीत नाही.

१८९२ ची ‘कास्त्रोमधील ख्रिस्ताकडे’ ही कथा अधिक विस्तृत आणि अधिक प्रसिद्ध आहे. कास्त्रो म्हणजे गढी. चाचेगिरीच्या भीतीने बेटावरील सारी वस्ती काही शतके उत्तर टोकाच्या एका उभ्या कड्यावर, पूल उचलून घेता येईल अशा बेताने, दाटीवाटीने राहत होती. ग्रीस स्वतंत्र झाल्यावर, १८३० च्या सुमारास, लोक खाली आजच्या बंदरात राहावयास आले आणि गढी ओस पडली. घरे ढासळली, देवळांपैकी मोजकी उभी राहिली. त्यांतील ख्रिस्तजन्माचे चर्च आजही उभे आहे. उन्हाळ्यात पर्यटकांच्या होड्या कड्याखाली लागतात. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की तिकडे होडी लावणे अवघड, म्हणून डोंगर ओलांडून पायी जावे लागते.

कथेचा विषय साधा आहे. दोन गावकरी लाकडे तोडावयास गेले असता बर्फामुळे कास्त्रोत अडकले आहेत, अशी वार्ता येते. नाताळ तोंडावर आहे. पापा फ्रांगुलिस हे धर्मगुरू ठरवितात की, यंदाची नाताळची उपासना गढीतल्या ओसाड चर्चमध्ये करावयाची, म्हणजे अडकलेल्यांना मदतही पोहोचेल. घरात वाद होतो, पत्नी धास्तावते, पण अखेर काही स्त्रीपुरुष मेणबत्त्या, भाकरी आणि द्राक्षरस घेऊन एका म्हाताऱ्या तांडेलाच्या होडीतून निघतात. वादळ, बर्फ, काळोख यांतून ते पोहोचतात, अडकलेल्यांना शोधतात, चर्च झाडतात, शेकोट्या पेटवितात. मध्यरात्री खाली समुद्रात एक जहाज संकटात असल्याचे कळते. वर पेटविलेल्या आगीच्या उजेडाने खलाशांना दिशा सापडते आणि तेही त्या उपासनेत येऊन उभे राहतात.

या कथेला कोणी भाबडी म्हणेल. योगायोग तीत आहेतच. पण तिची खरी ताकद प्रसंगांच्या क्रमात आहे. धर्मगुरूला उपासनेची ओढ आणि माणसांना वाचविण्याची ओढ अशा दोन वेगळ्या ओढी नाहीत. एकीचे निमित्त करून तो दुसरी साधतो आहे, असेही लेखक कोठे सुचवीत नाही. चर्चमध्ये दिवा लावणे आणि बुडत्याला दिवा दाखविणे येथे एकाच रात्रीत, एकाच लाकूडफाट्यावर घडते. यावर लेखकाने प्रवचन केलेले नाही. चर्चच्या भिंतीवरील चित्रे, स्तोत्रांचे सूर, शेकोटीवर भाजले जाणारे मांस, ओले कपडे वाळविणारी माणसे यांचे वर्णन तो सारख्याच आस्थेने करतो. आज उन्हाळी होडीतून उतरून जो प्रवासी हे चर्च दोन मिनिटे पाहतो, त्याला एक रिकामी खोली दिसते. ती खोली भरण्यासाठी किती माणसांनी काय सोसले, हे कथेने सांगितल्यावाचून त्याला कळणे शक्य नाही.

‘सरवा वेचणारी’ ही १८८९ ची कथा बेटाच्या अर्थव्यवहाराकडे वळते. रूथच्या पुस्तकामुळे सरवा वेचणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. आख्तित्सा ही विधवा म्हातारी दरसाल उन्हाळ्यात समोरच्या एव्हिया बेटावर जाऊन कापणीनंतर शेतात पडलेली कणसे वेचते आणि त्या धान्यावर दोन पोरक्या नातवंडांसह हिवाळा काढते. दोन मुलगे समुद्राने नेले, तिसरा अमेरिकेत बेपत्ता. त्या वर्षी हिवाळा कडक आहे, पीठ संपले आहे, सर्पण नाही. अशा वेळी धर्मगुरूच्या हस्ते परदेशातील मुलाचे पत्र आणि एक हुंडी येते. हुंडी वटवावयास ती व्यापाऱ्याकडे जाते, तर तो तिच्या मृत नवऱ्याचे जुने कर्ज काढून त्यातून आपला वाटा कापू पाहतो.

पत्र नाताळलाच यावे, हा योगायोग सणाच्या अंकासाठी जुळवून आणलेला आहे, हे मान्य करावे लागते. पण हुंडी आल्यानंतरचा व्यवहार जुळवून आणलेला नाही. तो अस्सल आहे. गरिबाच्या हाती पैसा आला की जुन्या वह्या कशा उघडल्या जातात, हे येथे कसल्याही आरडाओरडीवाचून दाखविले आहे. शिवाय या कथेतून एक मोठे सत्य हाती लागते : बेटावरचा हिवाळा हा उन्हाळ्याच्या कमाईवर उभा असतो. आख्तित्साचे धान्य गेले, त्या जागी आज खोल्यांचे भाडे आणि खाणावळीतला पगार आला आहे, एवढाच फरक. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘डॅनियल’ या वादळाने स्कियाथोसच्या रस्त्यांतून पुराचे लोंढे वाहिले, ते हंगाम संपण्याच्या आधी. अशी आपत्ती येते तेव्हा नुकसान त्या आठवड्यापुरते राहत नाही, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत त्याची झळ पोहोचते. हे गणित आख्तित्साला पाठ होते.

१८९६ च्या नववर्षाची कथा ‘हिमातील प्रेम’ अवघ्या काही पानांची आहे, आणि कलादृष्ट्या ती या कथांत सर्वोत्तम ठरावी. बार्बा यान्निओस हा एकेकाळचा खलाशी आता म्हातारा, निष्कांचन आणि दारूच्या आहारी गेलेला आहे. परदेशी बंदरांत त्याने कमाई उधळली. आता शेजारच्या एका संसारी, बडबड्या स्त्रीवर त्याचा वेडा, निरुपद्रवी जीव जडला आहे. बर्फ पडणाऱ्या रात्री तो तिच्या दाराशी अडखळून पडतो, घरातल्यांना चाहूल लागते, पण कोणी बाहेर येत नाही, आणि बर्फ त्याला झाकून टाकते. शेवटच्या ओळींत लेखक त्याला थेट न्यायाधीशापुढे, सर्वसमर्थ परमेश्वरापुढे नेऊन उभा करतो. गल्ली, घर, देह, पापे यांवर पसरलेला पांढरा थर म्हणजे जणू न्यायासनासमोर जाताना मिळालेले वस्त्र होय, असा अर्थ तेथे उमटतो. चित्रांतून आपण बर्फाच्छादित गाव ज्या कौतुकाने पाहतो, ते कौतुक या कथेनंतर पूर्वीइतके निश्चिंत राहत नाही. त्या पांढऱ्या थराखाली कोण आहे, असा प्रश्न मनात येतोच. पडलेल्या म्हाताऱ्याला करुणा मिळाली ती आकाशातून. शेजाऱ्याचे दार बंदच राहिले, आणि लेखकाने त्या शेजाऱ्यावर शब्दानेही ठपका ठेवलेला नाही. तो ठेवण्याचे काम वाचकावर येते.

आतापर्यंतच्या कथांवरून पापादियामांतिस हा भाविक, सणांचा, ऊबदार शेकोट्यांचा लेखक आहे, असा समज होऊ शकेल. १९०३ साली क्रमशः प्रसिद्ध झालेली ‘खुनी स्त्री’ ही कादंबरिका तो समज मोडून काढते. फ्रांगोयान्नू ही साठीची, झाडपाल्याची जाणकार स्त्री आजारी तान्ह्या नातीच्या पाळण्याशेजारी, चुलीजवळ रात्र जागून काढीत आहे. जन्मभर तिने दुसऱ्यांची चाकरी केली : आईबापांची, नवऱ्याची, मुलांची, आता नातवंडांची. मुलीचा जन्म म्हणजे हुंडा, हुंडा म्हणजे घराचे बुडणे, हा विचार तिच्या डोक्यात फिरत राहतो आणि अखेर तिचीच बोटे त्या बाळाचा श्वास थांबवितात. पुढे आणखी मुली. आपण त्यांना आणि त्यांच्या आईबापांना दुःखातून सोडविले, अशी तिची समजूत होत जाते. पोलीस मागे लागल्यावर ती डोंगरांत पळते. संन्याशापुढे पापनिवेदन करावे या विचाराने एका एकांत आश्रमाकडे निघते, आणि भरतीच्या पाण्यात बुडून मरते. लेखकाने तिला ना राजाच्या न्यायाच्या हाती दिले, ना धर्माच्या. मरतेसमयी तिच्या दृष्टीस पडतो तो आईबापांनी तिला हुंड्यात दिलेला नापीक जमिनीचा तुकडा.

‘गुन्हा आणि शिक्षा’चा भाषांतरकार या लेखनामागे आहे, हे उघड आहे. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दुसरी एक गोष्ट अधिक लक्षणीय वाटते. गोष्ट पुढे सरकते तशी ऋतू पालटतो आणि बेट सुंदर होत जाते. ओढे खळखळतात, मळे हिरवे होतात, डोंगरउतारावर फुले येतात, आणि त्याच सौंदर्यातून ही बाई एका हौदाकडून दुसऱ्या विहिरीकडे चालत राहते. पापादियामांतिसइतके रमणीय निसर्गवर्णन ग्रीक गद्यात क्वचितच कोणी केले असेल. ते येथे त्याने मुद्दाम आणले आहे. निसर्ग तिला दोष देत नाही आणि तिला सोडवीतही नाही. रमणीय स्थळी राहणारी माणसे सुखीच असतात, ही जी प्रवाशाची जुनी समजूत, तिचा याहून कठोर प्रतिवाद आढळणार नाही. ग्रीसमध्ये हुंड्याची कायदेशीर प्रथा १९८३ साली संपुष्टात आली. ज्या महाराष्ट्राला गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली कायदा करावा लागला, तेथील वाचकाला तरी हे पुस्तक दूरदेशीचे म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. २०२३ साली इव्हा नथेना या दिग्दर्शिकेने त्यावर नवा चित्रपट केला, यावरूनही त्याचा विषय शिळा झालेला नाही हे दिसते.

येथे प्रश्न उद्भवतो की, हे सारे पाहावयास बेटावर जन्मच घ्यावा लागतो काय? पाहुण्याला ते कधीच दिसत नाही काय? याचे एक चांगले उत्तर चार्मियन क्लिफ्ट या ऑस्ट्रेलियन लेखिकेच्या ‘मर्मेड सिंगिंग’ (१९५६) या पुस्तकात मिळते. डिसेंबर १९५४ मध्ये ती पती जॉर्ज जॉन्स्टन आणि दोन मुले यांच्यासह कालिम्नोस या स्पंज काढणाऱ्यांच्या बेटावर राहावयास गेली. कालिम्नोसचा हंगाम पर्यटकांच्या हंगामाच्या नेमका उलट होता. ईस्टरनंतर पाणबुडे आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघत आणि शरदात परतत. म्हणजे उन्हाळ्यात बेट बायकांचे, म्हाताऱ्यांचे आणि मुलांचे. हिवाळ्यात ते भरलेले. खोल पाण्यातून फार वेगाने वर आल्यामुळे लुळे पडलेले तरुण तिने रस्त्यांतून पाहिले आणि तसे लिहिले. क्लिफ्टचा दृष्टिकोन पापादियामांतिसचा नव्हे. ती परकी आहे आणि आपले परकेपण विनोदाने मान्य करते. पण ती भाड्याच्या घरात राहिली, शेजारणींच्या हाती सापडली, तिच्या मुलांना गावाने आपले मानले. पाहुणा राहिला, आणि राहताना दुसऱ्याच्या पंचांगाने चालला, तर त्याला पुष्कळ दिसते, असा या पुस्तकाचा दाखला आहे.

ते पंचांग पापादियामांतिसच्या बेटावर स्पष्ट होते. जुन्या ग्रीक व्यवहारात वर्षाचे दोन भाग मानीत : २३ एप्रिलच्या संत जॉर्जपासून २६ ऑक्टोबरच्या संत दिमित्रिओसपर्यंत एक, आणि तेथून पुन्हा संत जॉर्जपर्यंत दुसरा. पहिला भाग समुद्राचा, दुसरा घराचा. शिडाची जहाजे परतत, उपवास आणि सण लागत, लग्ने जुळत, हिशेब मिटविले जात. बाजाराने ज्याला ‘ऑफ’ म्हटले, तो काळ गावाच्या लेखी एकत्र येण्याचा होता.

आता उणिवांचाही विचार केला पाहिजे. पापादियामांतिसची रचना पुष्कळदा सैल आहे. कथा चालू असता तो एखाद्या वाटेचे, झऱ्याचे, पडक्या चॅपेलाचे वर्णन करू लागतो आणि पात्रे ताटकळत राहतात. सणाच्या अंकासाठी, घाईने, पैशाच्या गरजेने लिहिल्याच्या खुणा लपत नाहीत. अकस्मात येणारी पत्रे आणि परतणारे प्रवासी वारंवार भेटतात. दुसरी अडचण भाषेची. त्याचे निवेदन विद्वानांच्या शुद्ध ग्रीकमध्ये आहे, त्यात उपासनाग्रंथांचे पडसाद आहेत, आणि संवाद मात्र बेटाच्या बोलीत आहेत. पोथी आणि अंगण यांची ही जोडी भाषांतरात सहज येत नाही. आपल्याला हा लेखक इंग्रजीतूनच वाचावा लागतो. पीटर लेवी यांचे ‘खुनी स्त्री’चे भाषांतर १९८३ चे, एलिझाबेथ कॉन्स्तांतिनिदेस यांचा कथासंग्रह १९८७ चा, आणि ‘द बाउंडलेस गार्डन’ या निवडक कथांचा पहिला खंड २००७ चा. ती पुस्तके मिळवून वाचण्याजोगी आहेत. ओदिसेआस एलितिस या पुढे १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या कवीने १९७६ साली पापादियामांतिसच्या जादूवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, यावरून त्याचे स्वभाषेतील स्थान कळावे.

या उणिवा लक्षात घेऊनही सुरुवातीचे मत मागे घ्यावे असे वाटत नाही. उलट ज्याला आपण सैलपणा म्हटले, त्यातच त्याच्या लेखनाचा एक गुण आहे. प्रत्येक झऱ्याला, पायवाटेला, पडक्या भिंतीला त्याच्याकडे नाव आहे, आणि नावामागे कोणीतरी माणूस आहे. परक्या लेखकाला जे दृश्य म्हणून एकदम दिसते, ते याला एकेक करून आठवते.

तेव्हा हंगाम सरल्यावर ज्याला स्कियाथोसला जावयाचे असेल, त्याने अवश्य जावे. व्होलोसला बोटीसाठी एखादा दिवस हातचा राखून ठेवावा, उबदार कपडे न्यावेत, कास्त्रोची वाट हवा पाहूनच धरावी. बंदराजवळचे लेखकाचे घर उघडे आहे की नाही, याची आधी चौकशी करावी. आणि निघण्यापूर्वी या चार-पाच कथा वाचून घ्याव्यात. त्या वाचून गेलेल्या मनुष्याला लावलेल्या दारांच्या गल्लीत एखाद्या खिडकीतला दिवा दिसेल, तेव्हा छायाचित्र काढण्याआधी त्या घरात सर्पण असेल ना, असे त्याच्या मनात येईल. साहित्याने प्रवाशाला एवढे शिकविले तरी पुष्कळ झाले.